शनवार तेली आणि आठ रात्रींचे तेल

‘तैल’ हा शब्द ‘तिल’ या शब्दापासून सिद्ध झाला, हे संस्कृताच्या प्राथमिक अभ्यासकासही ठाऊक असते. तिळाचे जे स्नेहद्रव्य ते तैल. पुढे मोहरीचे, करडईचे, खोबऱ्याचे, सर्वांचेच स्नेह तैल म्हणवले जाऊ लागले आणि मूळ तीळ शब्दाच्या पोटात राहिला. नेमकी हीच गोष्ट पश्चिमेकडे घडली. ग्रीक लोक ऑलिव्हच्या झाडास ‘एलाइया’ व त्याच्या फळाच्या रसास ‘एलाइऑन’ म्हणत. रोमन लोकांनी त्याचे ‘ओलेउम’ केले आणि त्यातूनच इंग्रजांचा ‘ऑइल’ शब्द जन्मास आला. आमच्या लहानपणी रॉकेलच्या डब्यावर हा शब्द छापलेला असे. वाचणाऱ्याच्या मनातही येत नसे की, डब्यावर भूमध्य समुद्राच्या काठचे एक झाड लिहिलेले आहे. ज्या भूमीने ज्या बीजातून अथवा फळातून माणसाला दिवा दिला, त्याचेच नाव त्या भूमीच्या भाषेने तेलाला दिले.

दीपावलीच्या पानावर तेलाविषयी लिहावयाचे ते अभ्यंगस्नानाविषयी, अशी वाचकांची अपेक्षा असणार. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेलात लक्ष्मी व जलात गंगा वास करते, ही आपली श्रद्धा घरोघरी जिवंत आहे. तिच्याविषयी आम्ही याआधीही लिहिले व बोललो आहोत. या वर्षी मात्र आम्ही अशा एका समाजाच्या तेलाकडे वळणार आहो की, जो सुमारे दोन हजार वर्षे देवळावाचून जगला आणि ज्याने आपला धर्म मुख्यतः चुलीपाशी, ताटापाशी व दिव्यापाशी राखला. हा समाज यहुद्यांचा. त्यांची एक शाखा आपल्या कोकणात शतकानुशतके नांदली, मराठी बोलली, आणि तिचा परंपरागत व्यवसाय होता तेल गाळण्याचा.

प्रथम त्या फळाचा विचार करू. ऑलिव्हचे फळ आपल्या लहान बोराएवढे, लांबट. कोवळेपणी हिरवे, पिकल्यावर काळे. झाडावरून तोडून तोंडात टाकावे तर कडूजहर. मिठाच्या पाण्यात दीर्घकाळ मुरवल्यावाचून ते खाण्याजोगे होत नाही. आपण तीळ, शेंगदाणे, करडई यांच्या बियांतून तेल काढतो. हे तेल मात्र मुख्यतः फळाच्या गरातून निघते, म्हणजे एका अर्थी तो फळाचा रसच. पावसाळ्यावाचून उन्हाळा काढणाऱ्या त्या खडकाळ डोंगरांवर हे झाड शेकडो वर्षे जगते. यहुद्यांच्या तोरा ग्रंथात त्यांच्या भूमीची जी सात पिके गौरवाने सांगितली आहेत, त्यांत गहू, जव, द्राक्ष, अंजीर, डाळिंब व खजूर यांच्या पंक्तीस ऑलिव्ह आहे. जलप्रलयानंतर नोहाच्या पारव्याने चोचीतून आणलेले पानही याच झाडाचे.

जेरुसलेम येथील त्यांच्या मंदिरात सात शाखांची सुवर्णाची दीपमाळ होती. तिच्यात जळणारे तेल शुद्ध ऑलिव्हचे, आणि तेही कुटून काढलेले असावे, अशी आज्ञा आहे. ‘मिश्ना’ हा त्यांचा स्मृतिग्रंथ. त्यात या तेलाच्या प्रती अतिशय बारकाईने लावून दिल्या आहेत. फळे हलके कुटून टोपलीत ठेवली असता आपोआप जे पाझरते ते पहिले. तुळईच्या वजनाखाली दाबून निघते ते दुसरे. पुन्हा दळून दाबले ते तिसरे. पहिले तेल दीपमाळेसाठी, उरलेले नैवेद्याच्या पिठासाठी. आपल्याकडे घरातले उत्तम ते ताटात वाढले जाते आणि देवापुढच्या समईत स्वस्तातले तेल घातले जाते, हे आम्ही अनेक सधन घरांतही पाहिले आहे. तेथे क्रम उलटा होता. उत्तम तेल जळण्यासाठी, त्याखालचे खाण्यासाठी.

नैवेद्य म्हटला तो कसा? सपिठी घ्यावी, तेलात मळावी, भट्टीत भाजावी, किंवा तव्यावर, किंवा कढईत करावी, आणि तिचा अंश वेदीवरील अग्नीत अर्पण करावा. श्रौतयागातला आपला पुरोडाश ज्यांस माहीत आहे, त्यांस येथे वेगळे काही सांगावयास नको. तेथे घृत, येथे तैल, एवढाच भेद.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर जाळून उद्ध्वस्त केले. वेदी गेली, दीपमाळ रोमला विजयाच्या मिरवणुकीत नेली गेली. तेथील टायटसच्या कमानीवर ती कोरलेली आजही दिसते. ज्या धर्माचा सारा आचार एका मंदिराभोवती गुंफलेला, त्याने आता करावे काय? त्यांच्या आचार्यांनी जे उत्तर दिले ते आम्हांस फार मोलाचे वाटते. त्यांनी सांगितले की, मंदिर होते तोवर वेदी माणसाचे पाप फेडीत असे. आता ते काम त्याच्या घरचे भोजनाचे आसन करील. आपल्या गृहस्थाश्रमातील वैश्वदेव आणि अतिथिपूजन हे याच जातीचे. यहुदी गृहिणी पुरेसे पीठ मळते तेव्हा त्यातला एक गोळा बाजूला काढते व तो अग्नीत जाळते; पूर्वी तो पुरोहिताचा भाग होता, आज घेणारा पुरोहित नाही, पण भाग निघतोच. पहिला घास मिठाशी लावून घेतात, कारण वेदीवरील प्रत्येक नैवेद्यास मीठ लागत असे.

आता तेलाचे महत्त्व घरात इतके का, ते पाहू. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, अशी तोरा ग्रंथाची आज्ञा तीन वेळा आली आहे. आचार्यांनी तिचा विस्तार करून मांस आणि दुग्ध हे दोन वर्ग सर्वस्वी पृथक केले. भांडी वेगळी, पळ्या वेगळ्या, दोहोंच्या भोजनांत काही काळाचे अंतर. वाचकांपैकी बहुतेक शाकाहारी असतील. त्यांस हा प्रश्न दूरचा वाटेल. परंतु सोवळ्याओवळ्याची भांडी ज्या घराने पाहिली आहेत, त्यास ही शिस्त परकी वाटू नये. या व्यवस्थेत लोणी व तूप दुग्धवर्गात पडतात, चरबी मांसवर्गात. तेल मात्र दोहोंपासून अलिप्त. त्यांच्या परिभाषेत अशा पदार्थास ‘पारवे’ म्हणतात. आपण उदासीन म्हणू. म्हणून शब्बाथच्या पावाची कणीक लोण्यात न मळता तेलात मळतात, म्हणजे तो पाव कोणत्याही भोजनात चालतो. उत्तर युरोपात जेथे ऑलिव्ह उगवत नाही, तेथे त्यांना हंसाच्या चरबीवर भागवावे लागले. भूमध्य समुद्राच्या काठी मात्र सारे स्वयंपाकघर तेलावर चालले.

आणि याच तेलाने एके काळी माणसांचे प्राण संकटात घातले. स्पेनमध्ये १३९१ च्या दंगलींनंतर हजारो यहुद्यांनी भयाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १४९२ मध्ये, जे उरले त्यांना राजाज्ञेने देशाबाहेर घालवण्यात आले. धर्मांतरितांपैकी कोण मनाने अद्याप यहुदी आहे, याचा शोध घेण्यास धर्मन्यायालय बसले. घरात काय चालते हे शोधावयाचे तर स्वयंपाकघराकडे पाहावे लागते. आंद्रेस बेर्नाल्देस या त्या काळच्या इतिवृत्तकाराने या लोकांविषयी तिरस्काराने लिहून ठेवले की, हे डुकराच्या चरबीऐवजी तेलात मांस शिजवतात व त्यांच्या घरांना त्याचा वास येतो. शुक्रवारीच दुसऱ्या दिवसाचे अन्न शिजवून ठेवणे, शनिवारी चूल न पेटवणे, हेही पुरावे ठरले. मोलकरणीने साक्ष द्यावी आणि घरधनीण तुरुंगात जावी, असे घडत होते. तव्यावर काय टाकावे, हा प्रश्न त्या बायकांपुढे प्रत्येक शुक्रवारी उभा राहत असला पाहिजे.

हे दूर देशीचे वृत्त म्हणून वाचकांनी सोडून देऊ नये. हेच न्यायालय १५६० मध्ये गोव्यात स्थापन झाले. ‘कोलोकियुश’ हा औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापवणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याच वंशाचा. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बहिणीला १५६९ मध्ये जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. पुढे या न्यायालयाची दृष्टी धर्मांतरित हिंदूंवर खिळली. १७३६ च्या फर्मानात ज्या गोष्टींस बंदी केली त्यांत अंगणातील तुळस तर आहेच. पण भात शिजवताना मीठ न घालता, हिंदूंच्या रीतीप्रमाणे ते मागाहून घेणे, हाही गुन्हा आहे! स्पेनमध्ये तेल, गोव्यात मीठ. धर्म स्वयंपाकघरात राहतो हे आपणांस अनेकदा प्रवचनांतून सांगावे लागते. ते न्यायालय न सांगता जाणत होते.

असो. त्या छळातून जे वाचले ते आपले पदार्थ घेऊन जगभर पांगले. शुक्रवारी तेलात तळून शनिवारी थंडच खावयाची मासळी त्यांच्यातील काहींनी इंग्लंडात नेली, आणि इंग्रजांच्या तळलेल्या मासळीचे मूळ तेथे सांगितले जाते. रोममध्ये १५५५ पासून यहुद्यांना एका कोंडवाड्यासारख्या वस्तीत राहावे लागले. तेथील गरिबांनी आर्टिचोक नावाची काटेरी भाजी ऑलिव्हच्या तेलात दोनदा तळून फुलासारखी उमलवण्याची युक्ती काढली. आज रोममध्ये ती यहुद्यांच्याच नावाने मोठ्या भोजनगृहांत मिळते. पूर्व युरोपातील यहुदी दीपोत्सवात किसलेल्या बटाट्याचे वडे तळतात व ते पुरातन समजतात. वस्तुतः बटाटा अमेरिकेतून आला, त्याला चार-पाच शतकांपलीकडे युरोपात ठावच नव्हता. एकादशीला बटाट्याचा कीस व साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्या आपण त्यांना हसू नये, हे बरे.

दीपोत्सव म्हटला तो ‘हनुक्का’. सीरियाचा ग्रीक राजा चौथा अँटिओकस याने इ. स. पू. १६७ च्या सुमारास जेरुसलेमच्या मंदिरात परदेवतेची पूजा सुरू केली, शब्बाथ पाळण्यास बंदी केली, निषिद्ध मांस खाण्याची सक्ती केली. मक्काबी घराण्यातील बंधूंनी बंड उभारले व इ. स. पू. १६४ मध्ये मंदिर जिंकून शुद्ध केले. तालमूद सांगतो की, दीपमाळ लावू गेले तेव्हा महापुरोहिताची मुद्रा शाबूत असलेला, न विटाळलेला, तेलाचा एकच बुधला सापडला. त्यात एक दिवसाचे तेल होते. ते आठ दिवस पुरले. मक्काबींचे जे जुने इतिहासग्रंथ आहेत त्यांत हा चमत्कार नाही, युद्ध व शुद्धीकरण आहे. तेल मागाहून आले. पंडितांना यात विसंगती दिसते. लोकांनी मात्र तलवार बाजूला ठेवून बुधला स्मरणात ठेवला, यात आम्हांस त्या लोकांची अभिरुची दिसते.

हा उत्सव त्यांच्या किस्लेव महिन्याच्या पंचविसाव्या तिथीस सुरू होतो. त्यांचे मास आपल्या अमान्त मासांसारखेच शुक्ल प्रतिपदेच्या सुमारास लागतात, आणि एकोणीस वर्षांत सात अधिक मास घेऊन ते सौरवर्षाशी मेळ घालतात. म्हणून पंचविसावी तिथी ही वद्य दशमीच्या आसपास पडते; २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी ती मार्गशीर्ष वद्यात आली. तेथून आठ रात्री, म्हणजे मध्ये अमावास्या आलीच. पहिल्या रात्री एक दिवा, दुसऱ्या रात्री दोन, असे आठापर्यंत चढत जातात. शम्माय नावाच्या आचार्याच्या शाळेचे मत होते की आठांपासून उतरत यावे. हिल्लेलच्या शाळेने सांगितले की पवित्र गोष्टीत चढावे, उतरू नये. हिल्लेलचे मत रूढ झाले. या दिव्यांच्या उजेडात कोणतेही काम करावयाचे नाही, पैसे मोजावयाचे नाहीत. ते पाहण्यासाठीच आहेत. त्यासाठी शेजारी एक नववा सेवक-दिवा असतो. तेलाच्या स्मरणार्थ त्या दिवसांत तळलेले पदार्थ होतात, पीठ आंबवून तळलेले गोळे अनेक घरी असतात.

आता कोकणात येऊ. बेने इस्राएल समाजाची परंपरा अशी की, त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि बुडालेल्यांस नवगाव येथे पुरले. पोथ्या समुद्रात गेल्या. वाचलेले लोक आसपासच्या गावांत पसरले व त्या गावांवरून नवगावकर, पेणकर, दिवेकर, अष्टमकर, केहिमकर झाले. त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी ते बैल जुंपीत नसत, म्हणून गावाने त्यांस ‘शनवार तेली’ म्हटले. ज्याप्रमाणे शिवाचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली, त्याप्रमाणे हे शनवार तेली. एवढाच गावाचा हिशेब. त्यांच्या शनिवारामागे सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावलेला देव आहे, हे गावाला कळण्याचे कारण नव्हते, आणि गावाने ते विचारलेही नाही. घाणा बंद, तर बंद. त्यांना त्यांच्या शनिवाराबद्दल येथे कोणी कधी जाळले नाही.

पोथी नसताना काय उरले? एकेश्वराचा उच्चार करणारे ‘शमा’ हे एक वचन, आठव्या दिवशीची सुंता, शब्बाथ, आणि स्वयंपाकघर. डेव्हिड रहाबी नावाचा यहुदी पुरुष कोकणात आला तेव्हा त्याने यांची परीक्षा कशी घेतली, याची कथा हा समाज सांगतो. त्याने बायकांपुढे मिश्र मासळी शिजवण्यास ठेवली. त्यांनी खवले व पर असलेले मासे निवडून घेतले, बाकीचे बाजूला सारले. तोरा ग्रंथातला नियम तोच आहे. पोथी न वाचलेल्या बायकांनी तो हाताने सांगितला, आणि रहाबीने त्यांस आपले म्हणून ओळखले.

त्यांच्या सणांची जुनी नावे ऐकावी. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. पुढे ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताच्या उपवासाला दारे लावून घेत म्हणून ‘दारफाळणीचा सण’, दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तो ‘बिरड्याचा रोजा’, कारण तो वालाच्या बिरड्याने सोडावयाचा. वर्षारंभाला गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात हलवा करतात. नारळाचे दूध हे दूध असूनही दुग्धवर्गात नाही! ऑलिव्हने भूमध्य काठी जो प्रश्न सोडवला, तो येथे माडाने सोडवला. शब्बाथला द्राक्षमद्याच्या जागी काळ्या मनुकांचे सरबत आले. नवस फेडताना पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची व फळे यांचा ‘मलिदा’ होतो आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याचे स्मरण होते. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा.

या नावांत हनुक्का मात्र नव्हता. तेल गाळणाऱ्या समाजाला तेलाचाच उत्सव माहीत नव्हता! केहिमकर यांनी १८९७ मध्ये या समाजाचा इतिहास लिहिला. पूर्वज मक्काबींच्या काळाआधीच निघाले असले पाहिजेत, या मताला त्याचा आधार दिला जातो. इतरांना हा तर्क पुरेसा वाटत नाही, कारण विसरलेले व कधीच नसलेले यांत भेद करणे कठीण. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, पोथ्या आल्या, आणि ते आठ दिवे कोकणातील घरांत लागू लागले.

ते लावावयाचे कोणत्या तेलाने? येथे तालमूदातील एक प्रसंग आम्हांस पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. शब्बाथच्या दिव्याचा विचार चालला होता. तार्फोन या आचार्यांनी निर्णय दिला, ऑलिव्हच्या तेलावाचून दिवा लावूच नये. तेव्हा योहानान बेन नूरी उठून उभे राहिले आणि त्यांनी विचारले, तर मग बाबिलोनच्या लोकांनी काय करावे, त्यांच्यापाशी तिळाचे तेलच आहे. मेदी लोकांनी काय करावे, त्यांच्यापाशी अक्रोडाचे. अलेक्झांड्रियात तर मुळ्याच्या बियांचेच. निर्णय बदलला. ऑलिव्ह उत्तम, पण जे स्वच्छ जळते ते चालेल. बाबिलोनचे एक आचार्य तर तिळाचेच तेल शोधीत, ते अधिक वेळ जळते म्हणून. पुढे ऑलिव्हचा प्रकाश अधिक निर्मळ असल्याचे ऐकून त्यांनी ते घेतले. आपल्या निर्णयग्रंथांत ‘तदभावे’ या एका शब्दाने जी करुणा दाखवली आहे, ती येथे एका माणसाने उभे राहून दाखवली. कोकणातल्या शब्बाथला पेल्यात पाणी, वर खोबरेल व त्यात वात, असा दिवा शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी लागत असे. तो विझवावयाचा नाही, आपोआप शांत व्हावयाचा.

२००७ पासून राजस्थानात इस्रायली तज्ज्ञांच्या साहाय्याने ऑलिव्हची लागवड झाली आहे आणि ते तेल आता आपल्या बाजारातही मिळते. वाचकांनी आपल्या चकल्या त्यात तळाव्यात असे आम्ही सुचवीत नाही. पहिल्या धारेच्या तेलाला उग्र, किंचित कडवट चव असते. ते भाजलेल्या वांग्यावर किंवा शिजवलेल्या हरभऱ्यावर वरून घ्यावे.

बेने इस्राएलांपैकी पुष्कळ लोक १९४८ नंतर इस्रायलला गेले. येथे आज काही हजारच उरले आहेत. त्यांचे आम्हांवर, म्हणजे नारदाच्या गादीवर उभे राहणाऱ्यांवर, एक ऋण आहे. १८८० च्या सुमारास या समाजाने कीर्तनोत्तेजक मंडळी स्थापून मराठीत कीर्तने सुरू केली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतील अग्रणी. साकी, दिंडी, ओवी, आर्या, अभंग, सारे आपलेच; आख्याने अब्राहामाची, योसेफाची, मोशेची. आज ती परंपरा क्षीण आहे, पण त्यातील पदे काही स्त्रियांनी कंठात राखली आहेत.

या मार्गशीर्षात आम्ही तेलावर पूर्वरंग करून उत्तररंगाला त्यांच्याच ग्रंथातले एक आख्यान लावणार आहो. एलियाने दुष्काळात सारफथच्या विधवेकडे भाकर मागितली व तिच्या घरचे तेल सरले नाही, ती कथा परिचित आहे. आम्ही घेणार ती त्याच्या शिष्याची, अलीशाची. एका विधवेचे दोन मुलगे सावकार गुलाम म्हणून नेऊ पाहतो. घरात तेलाच्या एका बुधल्यावाचून काही नाही. अलीशा तिला सांगतो, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडकी आणू नकोस, आणि दार लावून ओतू लाग. ती ओतते. मुलगे भांडी पुढे सारतात. द्रौपदीच्या थाळीचा दृष्टान्त येथे येईल. शेवटी ती म्हणते, आणखी एक दे. मुलगा सांगतो, आता भांडे उरले नाही. तेव्हा तेल थांबते. ते विकून ती ऋण फेडते व उरलेल्यावर घर चालवते. चाल भीमपलासीत बसवली आहे. शेजारणी भांडी देतात त्या प्रसंगाची दिंडी अजून मनासारखी उतरलेली नाही.